वीसपैकी अकरा रंग

एकाच माणसाने, एकाच पोर्तुगीज वहीवरून, सहा आठवड्यांच्या अंतराने दोन इंग्रजी भाषांतरे केली. वहीत वीस रंग होते. दुसऱ्या भाषांतरात त्यांपैकी अकरा रंगांची नावे बदलली. मूळ वहीतला एकही शब्द बदललेला नव्हता.

१९५५च्या मे महिन्यात त्र्यंबक गंपावार आलापल्लीच्या विश्रामगृहात उतरला, तेव्हा त्याच्याजवळ एवढीच माहिती होती. तो नागपूरच्या एका प्रयोगशाळेत रसायनाचा सहायक होता. घर मूळचे चांद्याचे, त्यामुळे झाडीतली बोली त्याला कळे. बोलायची सवय मात्र नागपुरात सुटली होती. आपण इथे भाषांतर तपासायला का आलो, हे त्याला प्रवासभर पटले नव्हते. पोर्तुगीजचे एक अक्षर त्याला येत नव्हते. पण वरिष्ठांचे म्हणणे सरळ होते: भाषा जाणणारा माणूस मिळत नाही, तेव्हा निदान माणूस जाणणारा पाठवू.

प्रकरण असे होते. सागवानाच्या आगारामागे वनखात्याने एक लहानसे रंगकेंद्र काढले होते. रानातली फुले, साली आणि मुळे उकळून सूत रंगवायचे व ते परदेशी व्यापाऱ्यांना विकायचे. कृती मिळाल्या त्या एका जुन्या वहीत. साठ वर्षांपूर्वी गोव्यातल्या कुणा डॉक्टराने ती पोर्तुगीजमध्ये लिहिली होती, आणि तिच्यातली बहुतेक झाडे आलापल्लीच्या रानातही होती. प्रत्येक कृतीच्या शेवटी डॉक्टराने मिळणाऱ्या रंगाचे नाव दिले होते, आणि रंगांच्या बाबतीत हा गृहस्थ फार चोखंदळ होता. नुसत्या पिवळ्यासाठी त्याने सात शब्द वापरले होते. कोशाने त्यांतल्या पाचांना ‘पिवळा’ म्हणून वाटेला लावले होते. उरलेले दोन कोशात नव्हतेच. व्यापाऱ्यांना मात्र नाव नेमके लागे. त्यांच्याकडे दोनशे चाळीस रंगपट्ट्यांची एक पेटी होती, प्रत्येक पट्टीवर इंग्रजी नाव छापलेले. तशीच एक पेटी केंद्राला मिळाली होती. ‘प्रिमरोज’, म्हणजे फिके पिवळे, म्हणून सांगितलेले सूत तपकिरी ‘टॉनी’ निघाले, तर सगळा माल परत येणार होता.

पोर्तुगीज येणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता. कायतान मिनेझिस. मूळचा मडगावचा, वय अठ्ठावन्न. सव्वीस वर्षे एका लाकूड-कंत्राटदाराकडे कारकुनी केलेली. कंत्राट संपले तेव्हापासून या भाषांतराच्या हंगामी कामावर होता. आगाराच्या कुंपणाला लागून त्याला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिकडे गोव्यात सत्याग्रह सुरू झाल्यापासून पोलिसांनी त्याच्याविषयी खात्याला दोनदा विचारणा केली होती: या इसमाची येथे गरज आहे काय? नसल्यास त्यास जंगलभागातून हलवण्यात येईल. उत्तर अजून गेले नव्हते. ते त्र्यंबकच्या अहवालावर ठरणार होते. ‘अविश्वसनीय’ एवढा एक शब्द त्यात आला, की मिनेझिसला दोन्ही खोल्या रिकाम्या करून चालते व्हावे लागणार होते, आणि जायला त्याला दुसरे घर नव्हते.

तक्रार केली होती आगाराच्या कारकुनाने, नानाजी बोरकुटेने. दोन्ही भाषांतरे त्यानेच टाइप केली होती.

“मी कोनावर बोट ठेवून नाई राह्यलो, साहेब,” मिनेझिसच्या खोलीकडे बोट करून नानाजी म्हणाला. “पन दोन्ही कागद माह्या हातचे. मार्चात लिवलं ‘टॉनी’. मे मंदी तोच रंग ‘प्रिमरोज’. मले इंग्रजी लय नाई येत, पन अक्षरं तं मोजता येते! पाचाचे आठ झाले. एक तं मानूस खोटा हाय, नाई तं तिसरंच काई चालू हाय.”

“तिसरं म्हणजे?”

नानाजीने उठून खिडकी लावून घेतली. बाहेर दुपारचे ऊन होते आणि कुत्रेही फिरत नव्हते.

“गोव्याचा मानूस. तिकडं सत्याग्रह, आन हा इथी बसून रंगाचे नावं बदलून राह्यला. ‘स्ट्रॉ’ म्हंजे दहा ट्रक, ‘हनी’ म्हंजे पूल, असं काई ठरलं असन तं?”

“कोणता पूल?”

“कोनताई,” नानाजी म्हणाला. “पुलाले का तोटा हाय?”

त्र्यंबकने वहीत ‘पूल’ लिहिले नाही. अफवेवर त्याचा विश्वास बसत नसे. पण माणसाच्या शब्दावरही तो सहसा बसत नसे. नामांतरांची यादी मागून घेऊन तो मिनेझिसकडे गेला.

मिनेझिस उंच, वाकलेला आणि घोटून दाढी केलेला होता. टेबलावर वही, पेटी आणि भिंग एका ओळीत मांडलेले होते. पाहुणा येणार हे त्याला ठाऊक असल्यासारखे. त्र्यंबकला ती मांडणी आवडली, आणि म्हणूनच तिचा संशय आला.

“बसा, सायबा. नानाजीने पूल सांगितला का?”

“सांगितला.”

“मागच्या आठवड्यात रेल्वे होती,” मिनेझिस म्हणाला. “इथून रेल्वे साठ मैल लांब, म्हणून पुलावर आला असेल.”

त्र्यंबक हसला नाही. “कोशात नसलेल्या शब्दाचं भाषांतर तुम्ही कसं करता?”

“कोशात असलेल्याचंही कोशावरून करत नाही. डॉक्टरांनी सात शब्द लिहिले, म्हणजे त्यांनी सात पिवळे पाहिले. मी त्यांची कृती मराठीत उतरवून सोमारीला वाचून दाखवतो. सोमारी टोल्यावर, इथल्या आदिवासी पाड्यावर राहते, रंगाचं काम तिचंच. ती सूत रंगवून, सुकवून आणते. तीच कृती, तेच फूल, म्हणजे डॉक्टरांच्या समोर जो रंग आला तोच माझ्या समोर येणार. मग पेटीतली जुळणारी पट्टी काढायची. पट्टीवर जे नाव, ते भाषांतर.”

पद्धत निर्दोष होती. त्र्यंबकला ती स्वतःला सुचली असती तर त्याने तिचा एखादा निबंध केला असता. पण पद्धत निर्दोष असली की दोन वेळा दोन उत्तरे येत नाहीत.

“दोनदा का रंगवलंत?”

“पहिला कच्चा खर्डा. मार्चाच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. मग पक्की प्रत करताना वाटलं, पुन्हा एकदा पाहावं. अठ्ठावीस एप्रिलला सुरू केलं.”

“पक्क्या प्रतीचं सूत हे समोर आहे. कच्च्या खर्ड्याचं कुठे आहे?”

“गेलं.”

“कुठे?”

“कुणी पुसायला घेतलं असेल.”

हे म्हणताना मिनेझिसची नजर क्षणभर खाटेखालच्या ट्रंकेकडे गेली आणि परत आली. त्र्यंबकने ती जाताना पाहिली आणि येतानाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डोळ्यांची परीक्षा घेतली. पेटीतल्या वीस पट्ट्यांवरची नावे कागद चिकटवून झाकली, पट्ट्या पिसल्या आणि त्या पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत लावायला सांगितल्या. मिनेझिसने भिंग बाजूला ठेवले आणि पट्ट्या खिडकीशी नेऊन लावल्या. तीन वेळा पिसून तीन वेळा लावायला सांगितले. तिन्ही वेळा क्रम जवळजवळ तोच आला. शेजारच्या दोन पट्ट्यांची एकदाच अदलाबदल झाली, आणि त्या दोहोंत त्र्यंबकला स्वतःला काही फरक दिसत नव्हता. रंगांधळेपणाची शक्यता त्याने खोडली.

“तुमच्या डोळ्यांत दोष नाही,” तो म्हणाला. “तेव्हा आता एकच गोष्ट उरते. मार्चमध्ये सूत रंगवलंच गेलं नाही, आणि अकरा नावं तुम्ही मनानं लिहिलीत. अहवालात तसं लिहू?”

मिनेझिस गुडघ्यावर हात टेकत खाली बसला, ट्रंक ओढून कुलूप काढले आणि तळातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून टेबलावर ठेवला. डब्यात सुताच्या वीस लडी होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने घट्ट बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि डॉक्टराचा शब्द.

“लपवलंत कशाला?”

“सायबा, एका कृतीच्या दोन लडी, दोन रंगांच्या. दोन्ही दाखवल्या असत्या तर मला खरा कोण म्हणालं असतं? एक दाखवली तर निदान ती तरी मानतात.” तो पुढे म्हणाला, “खर्डा आधीच टाइपाला गेलेला. तो परत मागितला असता तर नानाजीने त्या दिवशीच रेल्वे उडवली असती.”

त्र्यंबकने लडी दोन ओळींत मांडल्या: वर मार्चच्या, खाली मेच्या. नऊ जोड्या हुबेहूब होत्या. अकरांत फरक होता, आणि तो शोधावा लागत नव्हता. मेचे पिवळे स्वच्छ होते, मार्चच्या पिवळ्यांवर तपकिरी झाक होती. मेचा गुलाबी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा, तर मार्चचा विटेकडे झुकलेला. डॉक्टराच्या एका शब्दाचा अर्थ वाळक्या गवताचा रंग, असे मिनेझिसने सांगितले. मेची लड तशी होती, मार्चची लड ते गवत पावसात भिजून कुजल्यावर होईल तशी.

सुताचा रंग उडाला असेल काय? त्र्यंबकने चिठ्ठ्यांच्या गाठी सोडल्या. गाठीखाली दबलेल्या, हवा व उजेड न लागलेल्या धाग्याचा रंग बाकीच्या लडीसारखाच होता. म्हणजे रंग उडाला नव्हता. मुळातच तसा आला होता. मिनेझिसने दोन्ही वेळा जे दिसले तेच लिहिले होते.

माणूस सुटला असे मात्र अजून म्हणता येत नव्हते. सूत मुद्दाम कुणी तसे रंगवून घेतले असेल, तर?

त्या संध्याकाळी त्र्यंबकने वीसही कृती मराठीत उतरवून घेतल्या आणि तक्ता आखला. फूल किंवा मूळ, पाणी, भांडे, राख, तुरटी, उकळण्याचा वेळ. चौथ्या फेरीत त्याला दुवा सापडला. फरक पडलेल्या अकरा कृतींत पाच पळसाच्या होत्या, तीन हळदीच्या, तीन करडईच्या फुलांच्या. या अकरांची शेवटची पायरी एकच होती: सूत हिरव्या आंब्याच्या रसात बुडवून काढणे. उरलेल्या नवांत, म्हणजे लाख, खैर, आल नावाचे मूळ, हिरडा यांच्या कृतींत, ती पायरी नव्हती. रसायन साधे होते. राखेच्या पाण्यात हळद आणि पळस लालसर होतात, आंबट लागले की पुन्हा खुलतात. करडईचा गुलाबी तर आंबटावाचून सुतावर नीट चढतच नाही.

तेव्हा दोष आंबटात होता. सकाळीच तो टोल्यावर गेला.

टोला अर्ध्या मैलावर होता, वीस-बावीस घरांचा. वाटेवर एक प्रचंड आंबा होता आणि तो लगडलेला होता. सोमारी पन्नाशीची, बारीक अंगाची, मनगटापर्यंत पिवळी झालेली बाई. ती मडके घासत होती, आणि साहेब आला म्हणून तिने घासणे थांबवले नाही.

“मार्चात आणि आता, दोन्ही वेळा कृती एकच होती?”

“येकच.”

“फुलं?”

“तेच. येका ढोलीतले, वाळवून भरलेले.”

“पाणी?”

“त्याच हिरीचं.”

“शेवटी आंबट घातलं?”

“घातलं.”

“दोन्ही वेळा?”

“दोनी खेपे.”

“तुला कुणी काही वेगळं करायला सांगितलं होतं? मिनेझिसबाबूंनी?”

सोमारीने आता वर पाहिले. “बाबू सांगते तं वाचून सांगते. वेगळं कायले सांगन?”

परतल्यावर त्र्यंबकने मिनेझिसला विचारले, मार्चमध्ये त्या झाडाला कैऱ्या होत्या काय? होत्या, तो म्हणाला. लिंबाएवढ्या, फांद्या वाकलेल्या. मी रोज त्या झाडाखालून जातो, सायबा. त्र्यंबकने वहीत लिहिले: ‘आंबट – दोन्ही वेळा घातले. आंबा – दोन्ही वेळा उपलब्ध.’ आणि त्यावर रेघ मारली.

पुढचे चार दिवस त्याने सोमारीला आगाराच्या आवारात बोलावून आपल्या डोळ्यांदेखत सूत रंगवून घेतले. तीन विहिरींचे पाणी वापरले. मातीचे मडके, मग पितळी पातेले. जुनी फुले, नवी फुले. कैऱ्या कमी, कैऱ्या जास्त, कोवळ्या, निबर. प्रत्येक वेळी रंग मेसारखाच आला. कधी फिका, कधी गडद, पण तपकिरी झाक एकदाही आली नाही. मार्चचा रंग आपोआप येत नाही. तो कुणीतरी आणावा लागतो, असे त्र्यंबकला दिसू लागले. कुणी आणला असेल, या प्रश्नाला माणसे दोनच होती. एकाने डबा लपवला होता, आणि दुसरी विचारल्याखेरीज शब्द बोलत नव्हती.

“बाईले फितवलं,” नानाजीने निकाल दिला. “दोघं मिळून हाय.”

“कशासाठी?”

“ते तुमी शोधा. तुमी सायन्सवाले.”

पाचव्या दिवशी दुपारी विश्रामगृहाचा चौकीदार झिंगू जेवण वाढत होता. झिंगू सावली गावाकडचा, आलापल्लीला येऊन त्याला वर्ष झाले नव्हते आणि इथल्या प्रत्येक गोष्टीविषयी त्याची काही ना काही तक्रार होती. पानात कैरीची चटणी होती. त्र्यंबक कंटाळला होता, आणि काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाला, “चटणी चांगली झाली आहे. टोल्याजवळच्या झाडाची का?”

“त्याचीच. आता खा साहेब, आता फुकट हाय,” झिंगू म्हणाला. “मले तं लय महाग पडला तो आंबा.”

“तो कसा?”

“एक कोंबडी पडली.” झिंगूने पळी खाली ठेवली. “होळीनंतरची गोठ. येता येता दोन कैऱ्या पाडल्या, मीठ लावून खाल्ल्या. दोन! सांजेले टोल्याचा पत्रू आला, चार मानसं संगं घेऊन. तो तिथला पुजारी हाय. म्हने, आमचा पंडुम व्हाचा हाय, तू आंब्याले हात काऊन लावला? म्या म्हनलं, मले का मालूम, मी सावलीचा. म्हने, सावलीले नसन, इथी हाय. एक कोंबडी द्या लागली, वरतून मोहाची बाटली. दोन कैऱ्यांपायी, साहेब! आन बाटलीतली मले घोटभर नाई देल्ली.”

त्र्यंबकचा हात पानात थांबला. “पंडुम म्हणजे?”

“त्याह्यची पूजा. नवं फळ पयले देवाले द्याचं, मंग मानसानं. तवरीक झाडाले कोनी हात नाई लावत. लेकरू बी नाई.”

“आणि ही पूजा कधी झाली?”

“चैत सरता सरता. ढोल वाजले रातभर. चोवीस एप्रिल असन, मी त्या दिवशी सुट्टी मागतली होती आन नानाजीनं नाई देल्ली.”

मार्चचे काम सहा एप्रिलला संपले होते. दुसरे अठ्ठावीसला सुरू झाले. त्र्यंबक चटणी तशीच ठेवून उठला आणि भर उन्हात टोल्याकडे निघाला.

या वेळी त्याने प्रश्न वेगळा विचारला.

“मार्चात सूत रंगवलंस, तेव्हा शेवटी कोणतं आंबट घातलंस?”

“चिच,” सोमारी म्हणाली. “मागच्या सालची. मडक्यातली.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“आंबा.”

त्र्यंबक ओट्याच्या कडेवर बसला. “मी त्या दिवशी विचारलं तेव्हा हे का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं, आंबट घातलं का. घातलं होतं.”

“बाबूंनी वाचून दाखवलं होतं ना, की कच्चा आंबा घ्यायचा?”

“हव. पन पंडुम नोहता झाला.” याहून अधिक काही सांगायचे असेल असे तिला वाटत नव्हते. साहेब अजून बसलेलाच आहे हे पाहून ती म्हणाली, “देवाले नाई देल्लं तं आपुन कसा तोडाचा? खाले नाई आन रंगाले बी नाई. आंबट पायजे होतं, घरी चिच होती. बाबू सव्वीस सालं झाले इथी हाय, त्याले तं मालूमच असन.”

बाबूला माहीत होते. पंडुम होईपर्यंत ही माणसे आंबा खात नाहीत, हे मिनेझिस सव्वीस वर्षे पाहत होता. तो नेम रंगाच्या मडक्यालाही लागू असेल, हे त्याच्या मनात आले नव्हते. सोमारी सूत टोल्यावर रंगवी आणि वाळवून आणी. मडक्यात काय पडले ते त्याने पाहिले नव्हते. झाडावर कैऱ्या दिसत होत्या, तेवढे त्याला पुरले होते. आणि त्र्यंबकलाही.

पण बाईचे म्हणणे म्हणजे पुरावा नव्हे. त्र्यंबकने सोमारीकडून तेच चिंचेचे मडके मागवले आणि आवारात शेवटचा प्रयोग मांडला. पळसाची एक कृती, हळदीची एक, करडईची एक. प्रत्येकी दोन लडी, एक कैरीच्या रसातून काढलेली, एक जुन्या चिंचेच्या कोळातून. सूत वाळल्यावर त्याने सहाही लडी नानाजीच्या हवाली केल्या.

“दुसऱ्या खोलीत घेऊन जा. पाहिजे तसे आकडे बांधा. कोणती कशाची ते कागदावर लिहा आणि कागद खिशात ठेवा. मला दाखवू नका, मिनेझिसना तर नाहीच.”

“मीच काऊन?” नानाजीने विचारले.

“तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून.”

नानाजीला हे कारण पटले. त्याने आकडे बांधायला अर्धा तास घेतला आणि दार आतून लावून घेतले. मग मिनेझिस खिडकीशी बसला, समोर नावे झाकलेली सारी पेटी. एकेक लड हातात घेऊन, उजेडाकडे तिरपी धरून, तो पट्ट्या काढत गेला. सहावी पट्टी खाली ठेवल्यावर त्र्यंबकने कागद सोलून नावे वाचली आणि नानाजीने खिशातला कागद उलगडला.

कैरीच्या तिन्ही लडींना मेमधली तीन नावे आली होती. चिंचेच्या तिन्ही लडींना मार्चमधली.

नानाजीने आपला कागद दोनदा वाचला, मग पट्ट्या उलटून पाहिल्या. “हे तं मीच बांधलं होतं,” तो म्हणाला. आणि कागद परत खिशात ठेवत, “मंग पूल?”

“पूल आहे तिथेच आहे,” मिनेझिस म्हणाला. तो पट्ट्या पेटीत लावत होता. एक पट्टी दोनदा खाली पडली. ती उचलून दिली नानाजीने.

अहवाल त्र्यंबकने त्याच रात्री न लिहिता दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिला. मिनेझिसला तो वाचायला दिला आणि वाचून होईपर्यंत व्हरांड्यात उभा राहिला. वाचून झाल्यावर मिनेझिसने एकच दुरुस्ती सुचवली: वहीत ‘रस’ म्हटले आहे, ‘कोळ’ नव्हे. त्र्यंबकने ती केली. अहवालाचा शेवटचा भाग असा होता:

‘दोन्ही भाषांतरे भाषांतरकाराने प्रामाणिकपणे व एकाच पद्धतीने केली आहेत. त्याची दृष्टी निर्दोष आहे. पहिल्या वेळच्या लडी त्याने लपवून ठेवल्या, ही त्याची चूक. ती भीतीपोटी झाली, आणि भाषांतरावर तिचा परिणाम झाला नाही. मूळ वहीत हिरव्या आंब्याचा रस सांगितला असल्यामुळे पक्क्या प्रतीतील नावे बरोबर धरावीत व तीच छापावीत. उरलेल्या कामासाठी सदर इसमाची केंद्रास गरज आहे. त्यास येथून हलवू नये. चौकशीचे पाच दिवस वाया गेले, कारण प्रस्तुत तपासनिसाने आंबट घातले काय असे विचारले. कोणते घातले, असे विचारले नाही.

अकरा रंगांच्या फरकाचे कारण: टोल्यावरील लोक पंडुम ही पूजा होईपर्यंत झाडाचा आंबा तोडत नाहीत. पहिले रंगकाम पूजेच्या आधी झाले. रंगवणाऱ्या बाईने त्या वेळी आंब्याऐवजी एक वर्ष जुनी चिंच वापरली. जुन्या चिंचेचा स्वतःचा तपकिरी रंग सुताला लागला. दुसरे रंगकाम पूजेनंतर झाले व त्यात आंबा वापरला गेला. इतर कोणतेही कारण आढळले नाही.’